समोरच्याची खुर्ची

अण्णांच्या ऑफिसात तीन खुर्च्या होत्या. एक त्यांची स्वतःची, वेताची, बसून बसून मधोमध खड्डा पडलेली. दुसरी पक्षकाराची, चांगली हातवाली. तिसरी लोखंडी, घडीची, भिंतीला टेकून ठेवलेली. ती समोरच्याची. समोरचा म्हणजे ज्याच्याशी दावा चालायचा आहे तो. आता तो कशाला आपल्या शत्रूच्या वकिलाकडे येऊन बसेल, असं कुणालाही वाटेल. मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं.

पक्षकार यायचा, हातवाल्या खुर्चीत ऐसपैस बसायचा आणि आपलं गाऱ्हाणं सांगायचा. अण्णा मध्ये चकार शब्द काढत नसत. त्याचं सांगून झालं, तो घाम पुसायला लागला, की अण्णा उठायचे, लोखंडी खुर्ची उघडायचे, तिच्यावरची धूळ स्वतःच्या पंच्याने झटकायचे आणि म्हणायचे, "आता इकडे बसा. आता तुम्ही समोरचे. बोला, तुमचं काय म्हणणं आहे?"

बहुतेकांना वाटायचं, वकील चेष्टा करतोय. काही जण चिडायचे. "अहो, त्याचं म्हणणं तो सांगेल की! मी कशाला सांगू?"

"तो सांगेल तेव्हा तुम्ही पिंजऱ्यात असाल आणि मला घाम फुटलेला असेल," अण्णा शांतपणे म्हणायचे. "त्यापेक्षा आत्ताच ऐकू द्या."

त्यांचा नियम साधा होता. ज्याला समोरच्याच्या बाजूने बोलताच येत नाही, त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही, कारण तो अर्धीच हकीकत सांगतोय. ज्याला फारच छान बोलता येतं, त्याला तडजोडीला पाठवायचं. मधले जे कुणी उरत, त्यांच्यावर अण्णांचा संसार चालायचा. तो कसा चालायचा ते वहिनींनाच माहीत.

मी तेव्हा नुकती सनद घेतलेली होती आणि पुण्यात स्वतंत्र खोली घेण्याची ऐपत नव्हती. चिंचवडला एका भुसार दुकानावरच्या माडीत अण्णांचं ऑफिस होतं, तिथलं अर्धं टेबल मी वापरत असे. माझी कामं वेगळी, त्यांची वेगळी. पण टेबल एकच असल्यामुळे त्यांचे सगळे पक्षकार माझ्या कानांवरून गेले. खाली दुकानात मिरच्यांची पोती उघडली की वर अर्जदार, वकील, सगळे एकदमच शिंकायचे.

ही पन्नास सालानंतरच्या दशकातली हकीकत आहे. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता. निर्वासितांच्या छावणीत दुकानं लागली होती. मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुणी पत्र्याची शेड टाकून लेथ मशीन लावत होता, कुणी साबण काढत होता, कुणी खिळे पाडत होता. माणसं एकमेकांशी नव्यानेच धंदा करायला लागली होती, म्हणून भांडायलाही नव्यानेच लागली होती. अण्णांसारख्या व्यापारी दाव्यांच्या वकिलाला खरं तर सुगीचे दिवस होते.

ते व्यापारी दावेच का घेतात, हे मी त्यांना एकदा विचारलं. फौजदारी त्यांनी सुरुवातीला करून पाहिली होती. "तिथं बऱ्याचदा समोरचा मेलेला असतो," ते म्हणाले. "त्याच्या खुर्चीत कुणाला बसवणार?" मग वाटणीचे दावे केले. तेही सोडले. "भाऊ भावाच्या खुर्चीत बसत नाही. बसलाच तर रडायला लागतो, मग मला दावा चालवता येत नाही." व्यापाऱ्याचं मात्र बरं, असं त्यांचं मत होतं. व्यापारी रोज कधी घेणारा असतो, कधी देणारा, त्यामुळे त्याला खुर्ची बदलायची सवय असते.

हे मत सगळ्यांच्या बाबतीत खरं नव्हतं. चाकणचा एक कांद्याचा आडत्या आला होता. त्याने ट्रकभर कांदा मुंबईला पाठवला, ट्रक घाटात बंद पडला, माल सडला. दावा ट्रकवाल्यावर लावायचा होता. अण्णांनी त्याला लोखंडी खुर्चीत बसवलं. गडी पहिल्यांदा लाजला. मग हळूहळू रंगला. "वकीलसायेब, ह्यो चाकणचा आडत्या लई चेंगट हाय बरं का!" तो स्वतःबद्दलच सांगायला लागला. "म्या ह्याला म्हनलं, कांदा वला हाय, दोन दिस वाळू दे. तर म्हनतो कसा, भाव पडंल, आत्ताच भर! वला कांदा ट्रकात काय, देवाच्या गाभाऱ्यात ठिवला तरी सडंल!" एवढं बोलून तो स्वतःच्या जुन्या खुर्चीकडे बघत बसला. नंतर उठून नमस्कार करून निघून गेला. दोघं आपसात मिटवून पुन्हा एकमेकांचाच माल भरायला लागले, असं कळलं. अण्णांच्या पदरात पडलं काय, तर टोपलीभर कांदे. तेही वाळलेले.

एकदा एका मोठ्या कंपनीचे साहेब गाडीतून आले. कंपनीला या भागातल्या दाव्यांसाठी कायमचा वकील हवा होता. सुटाबुटातले साहेब, हातात कातडी बॅग. अण्णांनी लोखंडी खुर्ची उघडली. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आमचं म्हणणं लेखी आहे," ते म्हणाले. अण्णा म्हणाले, "तुमचं मी वाचतो. त्यांचं ऐकवा." साहेब बसले नाहीत. ते काम पुण्यातल्या दुसऱ्या वकिलाकडे गेलं आणि त्या वकिलाने पुढे त्या एका कामावर बंगला बांधला. मी अण्णांना म्हटलं, निदान त्या एका दिवशी खुर्ची घडी करून ठेवली असती तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "त्यांचं काही बिघडलं नसतं." वहिनी त्या आठवड्यात त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

वहिनींची तक्रार जरा निराळी होती. "यांच्याशी भांडायची सोय नाही हो भाऊजी," त्या मला सांगायच्या. "मी तोंड उघडायच्या आत हे माझ्या बाजूने भांडायला लागतात. इतकं छान भांडतात की मला पुढे बोलायला काही राहतच नाही. आणि एवढं करून वागायचं तसंच वागतात." दूधवाल्याने पाणी घातलं म्हणून वहिनी त्याला बोलायला गेल्या, तर अण्णा ओट्यावर येऊन म्हशीचा चारा, पेंड आणि नदीवरून पाणी वाहण्याचा त्रास समजावून सांगायला लागले. दूधवाल्याला स्वतःला इतकी कारणं सुचली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्याने पाणी जास्त घातलं, असं वहिनींचं म्हणणं. अण्णांना ते कधी सिद्ध झालेलं दिसलं नाही.

काळा कोट ते कापडी पिशवीत घालून नेत आणि कोर्टाच्या पायरीवर चढवत. रस्त्यात कोट घातला की लोक आपल्याशी खरं बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं. पुण्याच्या कोर्टात या पिशवीवरून त्यांची टिंगल व्हायची. मला राग यायचा, त्यांना येत नसे. टिंगल करणाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही केली असती, म्हणायचे. अशा माणसाचं काय करणार? मी हात टेकले होते.

हे सगळं गमतीचं वाटतं. भिकोबाचं प्रकरण आलं त्या दिवसापर्यंत मलाही ते गमतीचंच वाटत होतं.

भिकोबाची तळेगाव स्टेशनच्या पलीकडच्या माळावर काचेची छोटी भट्टी होती. मावळातलं जुनं शेतकरी घर. भावकी भातात राबत होती आणि याला तरुणपणी कुठून तरी काचेचा नाद लागला. परमुलखात जाऊन काच फुंकायला शिकून आला, वाट्याची जमीन मोडून भट्टी उभी केली, आणि हाताखाली चार कारागीर घेऊन बाटल्या काढायला लागला. तो आमच्याकडे आला तो कोर्टाची नोटीस घेऊन.

पुण्यातले एक केसांच्या तेलाचे व्यापारी होते. त्यांनी बाटल्यांचा मोठा माल मागवला होता, आगाऊ रक्कमही दिली होती. बाटल्या गेल्या, तेल भरलं, बुचं लावली आणि तेल गळायला लागलं. बाटल्यांच्या तोंडात बूच तिरकंच बसत होतं. एका गिऱ्हाइकाच्या ट्रंकेत तर तेलाने लग्नाचे शालू खराब केले. शेठनी दावा लावला आणि जोडीला अर्ज दिला, की हा माणूस भट्टी विकून पळून जाण्याच्या बेतात आहे, तरी निकाल लागेपर्यंत भट्टीला सील ठोकावं.

"सायेब, दाव्याचं काय बी होऊ द्या," भिकोबा म्हणाला. "पर सील नगं. सील लागलं की भट्टी इजनार. भट्टी इजली की आतली काच वितळायची कुंडी तडाकती. कुंडी गेली म्हंजी आमी गेलो. पुन्यांदा उभं ऱ्हायाचं बळ न्हाई माज्यात."

अण्णांनी ऐकून घेतलं आणि लोखंडी खुर्ची उघडली.

भिकोबाने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि तो तिच्यावर अवघडून बसला. मग बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाजच बदलला. "मी पुन्याचा शेठ. मी ह्याला नमुना म्हनून माज्या आईची बाटली दिली. घरात किती वर्सं वापरातली. म्हनलं, आईच्या बाटलीवानी बाटल्या कर. आता आईची बाटली म्हंजी काठाला एका अंगानं झिजल्याली. तिचं बूच बी तसंच झिजलं व्हतं, म्हनून त्ये बसायचं. माज्या ध्यानात न्हाई आलं, मी तेलाचा मानूस. पर ह्यो काचंचा मानूस ना? ह्याला दिसलं न्हाई व्हय? दिसलं! ह्यानं तसाच साचा केला, झिजल्याल्या काठासकट! मला एक सबुद बोलला न्हाई. लबाड हाय ह्यो!"

अण्णा पुढे वाकले. "दिसलं होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

भिकोबा आता पुन्हा भिकोबा झाला होता. "शेठनं सवता, आईची म्हनून, दोनी हातांनी दिली. तिच्यात खोट कशी काढायची? कुनाच्या घरी जेवाया बसलो आन् भाजीत मीठ जादा झालं, तर बोलतो का आपून? म्हनलं, त्यास्नी तसंच पायजे आसंल."

मला तर हर्षच झाला. कायदा भिकोबाच्या बाजूचा होता. माल नमुन्याबरहुकूम होता आणि नमुन्यातली खोट उघड दिसणारी होती. दोष नमुना देणाऱ्याचा! मी तसं बोलूनही दाखवलं.

"तो मुख्य दावा," अण्णा म्हणाले. "तो चालेल दोन-चार वर्षं. भट्टीचं सील येत्या गुरुवारी ठरणार आहे. तिथं एकच प्रश्न आहे, हा माणूस सरळ आहे की हा हातावर तुरी देऊन जाईल? याला खोट दिसली होती आणि हा गप्प बसला, हे बाहेर आलं तर न्यायाधीश काय समजतील?"

"मग दिसली नव्हती म्हणू दे."

अण्णांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पक्षकाराला खोटं बोलायला त्यांनी जन्मात कधी सांगितलं नव्हतं. पण खरं सांग, असंही त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बसले आणि शेवटी भिकोबाला म्हणाले, "विचारतील तेवढंच बोल. जास्त बोलू नकोस." भिकोबाने मान हलवली, मुंडासं बांधलं आणि गेला.

गुरुवारी आम्ही पुण्याच्या कोर्टात हजर झालो. अण्णांनी पायरीवर कोट चढवला. शेठ आले होते, साधा, काळजीत पडलेला माणूस. त्यांचे वकील मोठ्या आवाजाचे होते. भिकोबाने अर्जाला जे लेखी उत्तर दिलं होतं, त्यावर त्यांना त्याची उलटतपासणी करायची होती. भिकोबा पिंजऱ्यात उभा राहिला.

"माल नमुन्यासारखा केला म्हणतोस?"

"व्हय."

"बाटल्यांना बूच बसत नाही, हे खरं?"

"खरं हाय."

वकिलांना एवढंच पुरेसं होतं. ते बसायला लागले. मी कागद आवरायला घेतले. आणि भिकोबा न्यायाधीशांकडे वळला.

"सायेब, आनखी एक हाय. त्ये कुनी इचारलं न्हाई."

अण्णा अर्धवट उठले. मला वाटलं, आता ते काहीतरी हरकत घेणार. पण ते तसेच खाली बसले. कोटाची रिकामी पिशवी त्यांच्या हातात होती, तिला ते पिळायला लागले.

भिकोबाने सगळं सांगितलं. शेठच्या आईची बाटली, झिजलेला काठ, आपल्याला दिसलेलं आणि आपण न बोललेलं. "शेठचा बी राग खरा हाय," तो म्हणाला. "त्यांच्या जागी मी आसतो तर मी बी कोर्टात आलो आसतो."

समोरच्या वकिलांना एवढा आनंद झाला की ते बसायचं विसरले. शेठनी मान खाली घातली. अण्णांकडे बघायचं मला धाडस होईना. संपलं, असं मला वाटलं. आता बेलीफ जाणार, भट्टीला सील ठोकणार, आणि माळावर एक थंड पडलेली शेड राहणार. मला त्या क्षणी भिकोबाचा नाही, अण्णांचा राग आला. सरळसोट माणसाला खुर्चीत बसवून त्याचा समोरचाच करून टाकला होता त्यांनी.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी विचारलं, "भट्टी विकायला काढली आहेस?"

"कोन म्हनलं?"

"पुण्याहून माणसं भट्टी बघायला आली होती, असं अर्जात लिहिलंय."

"ती माज्या पोरीला बघाया आल्याली, सायेब. पाव्हन्यांस्नी म्हनलं आल्यासारखं भट्टी बी बघा."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी निकाल सांगितला तो मला अजून तोंडपाठ आहे. मुख्य दाव्यात कोण चुकलं हे पुढे ठरेल, ते म्हणाले. पण जो माणूस न विचारता स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतो, तो मालमत्ता विकून कोर्टाला चुकवेल असं मानायला आपल्याला आधार दिसत नाही. सीलचा अर्ज नामंजूर.

बाहेर व्हरांड्यात शेठ भिकोबाजवळ आले. दोघंही एकमेकांसमोर अवघडून उभे राहिले. मग शेठ म्हणाले, "आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाईट वाटेल." भिकोबा म्हणाला, "नगा सांगू. बाटल्या माघारी पाठवा. काच हाय ती, वितळवून नव्या काढून दितो." पुढे दावा तसाच मिटला. अर्थात ज्या भट्टीला सील ठोकायला शेठ निघाले होते, तिच्याशिवाय त्या बाटल्या वितळणार कुठे होत्या?

स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना, आम्हाला पोचवायला आलेल्या भिकोबाने अण्णांना विचारलं, "वकीलसायेब, तुमचं न ऐकता बोललो. चुकलं का माजं?"

"नाही," अण्णा म्हणाले. भिकोबाचा चेहरा उजळला. तो पुण्यातल्या बहिणीला आनंदाची बातमी सांगायला गेला आणि आम्ही दोघं चिंचवडच्या गाडीत बसलो.

खडकी गेली. अण्णा म्हणाले, "सील लागलं असतं, तर मी त्याला 'नाही' म्हणालो असतो का रे?"

मी म्हटलं, "नसता म्हणालात."

"हो. नसतोच म्हणालो." त्यांनी डोळे पुसले. मी त्यांना एवढं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर प्रत्येकाला समोरच्याचं ऐक म्हणून सांगणारा हा माणूस, आणि त्याच्या पक्षकाराने ते ऐकून कोर्टात बोलून दाखवलं, तेव्हा याची भीतीने गाळण उडाली होती. मला त्यांच्याबद्दल त्या दिवशी फार माया वाटली. तसं सांगायला हवं होतं, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी त्यांची पिशवी माझ्याकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं कोर्टात काम होतं. त्यांनी ते पुढे ढकललं आणि मला घेऊन तळेगावला गेले. माळ चढताना त्यांना धाप लागत होती. भट्टी धडधडत होती. भिकोबा तोंडाला नळी लावून फुंकत होता. आम्हाला बघून त्याने नळी दुसऱ्याच्या हाती दिली, हात धुतले, पोरीला चहा ठेवायला सांगितलं.

अण्णा बसले नाहीत. "काल मी तुला 'नाही' म्हणालो ते खोटं होतं," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "तू बोलायला लागलास तेव्हा मला वाटलं, तू चुकलास. मी घाबरलो होतो. हे सांगू का म्हणून आदल्या दिवशी मला विचारलं असतंस, तर मी तुला सरळ तोंड बंद ठेव म्हणून सांगितलं असतं. हे तुला कळायला हवं, म्हणून आलो."

भिकोबाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तो हसला, आणि अण्णांचा हात धरून त्यांना भट्टीच्या उबेपासून जरा बाजूला, सावलीत घेऊन गेला.

"ठावं व्हतं की, वकीलसायेब," तो म्हणाला. "म्हनून तर तुमाला आदुगर इचारलं न्हाई."